गाळातले रेअर अर्थ: द्रावणात फॉस्फरस मोजा, मग बोला

खोल समुद्राच्या गाळातले रेअर अर्थ, म्हणजे सिरियम, युरोपियम वगैरे धातूंचा गट, नेमके कशात असतात, असं संशोधनाच्या पहिल्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मी बेधडक सांगितलं असतं, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये. हातात आकडे होते. आकडे बरोबरच होते, मी लावलेला अर्थ चुकला होता आणि त्यात माझं दीड वर्ष गेलं.

नमुन्यांत चुना नव्हता. एवढ्या खोलीवर तो विरघळूनच जातो. म्हणून चुना काढायची पायरी सोडून मी थेट ऑक्साइड विरघळवणारं हायड्रॉक्सिलअमाइन आणि अॅसेटिक आम्लाचं द्रावण घातलं. बरेचसे रेअर अर्थ त्यात उतरले आणि मी खूश झाले. पण त्याच आम्लात माशांचे दात आणि हाडांचे कणही विरघळतात! ते कॅल्शियम फॉस्फेटचे असतात आणि खरा साठा तिथेच असतो. जिवंत माशाच्या दातात रेअर अर्थ नगण्य असतात. दात तळावर पडल्यानंतर समुद्राच्या आणि गाळातल्या पाण्यातून ते शोषून घेतो. गाळ दहा लाख वर्षांत अर्धा मीटरसुद्धा साचत नसेल, तर दाताला त्यासाठी भरपूर वेळ मिळतो. पॅसिफिकमधल्या जपानच्या मिनामितोरिशिमा बेटाजवळच्या गाळात रेअर अर्थचे ५००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०००) वर आकडे सापडले, ते अशा दाता-हाडांच्या थरांत.

सुटका झाली ती उरलेल्या द्रावणाच्या जपून ठेवलेल्या बाटल्यांमुळे. त्यांत फॉस्फरस मोजला, तर तो रेअर अर्थच्या बरोबरीने चढत होता. सिरियमचा पुरावा तर आधीपासून समोर होता. समुद्राच्या पाण्यातून वाढणारे मँगनीज ऑक्साइड सिरियम धरून ठेवतात, त्यांच्या आलेखात (सगळे रेअर अर्थ ओळीने मांडलेल्या) तो शेजाऱ्यांपेक्षा वर उठतो. पाण्यात आणि दातांत तो खाली असतो. माझ्या आलेखात सिरियमपाशी खड्डा होता आणि मी त्याला मोजमापातली चूक समजत होते.

म्हणून उरलेलं द्रावण कधीही फेकू नका. नुसती भुकटी करून यंत्रात घालायचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही, आणि तुमच्याबरोबर तासभरही सूक्ष्मदर्शकाला न बसणारा मार्गदर्शक कितीही नावाजलेला असला तरी दुसरा शोधा. गाळ धुऊन चाळा, मधाच्या रंगाचे, सुळ्यासारखे दात सुईने एकेक वेचा. पहिल्या आठवड्यात डोळे दुखतील, हाताला काही लागणार नाही. घाबरू नका, नजर बसते.

आणि युरोपियम अचानक उंच दिसला तर आधी बेरियम बघा. या गाळात बॅराइट हे बेरियमचं खनिज असतं, आणि आयसीपी-एमएसमध्ये (वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) बेरियम ऑक्साइडचं वस्तुमान युरोपियमवरच येऊन बसतं.