फिरकीची सर्व्हिस परतवावी कशी

टेबल टेनिसमधली बॅटची पकड, उभे राहण्याची ढब आणि साधा ड्राइव्ह जमतो, असे येथे गृहीत धरले आहे. आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्याच्या धुळीने रबर निसरडे होते, तेव्हा ते ओलसर स्पंजने पुसून कोरडे करूनच टेबलापाशी यावे.

खरी अडचण सर्व्हिस ओळखण्याची असते. परभणीत शिकताना मला जो तो ‘चेंडूवर नजर ठेव’ एवढेच सांगे आणि तो सल्ला इमानाने पाळून मी दोन वर्षे कटची (उलट्या फिरकीची) सर्व्हिस जाळीत व टॉपस्पिनची (पुढच्या फिरकीची) टेबलाबाहेर घालवत राहिलो. फिरकी ठरते ती बॅट चेंडूला लागते त्या क्षणी. म्हणून त्या क्षणी बॅट कोणीकडे चालली आहे, तेवढेच पाहावे. त्यानंतर हात कितीही गरगर फिरला तरी तिकडे दुर्लक्ष करावे, कारण तो फसवण्यासाठीच फिरवलेला असतो. नियमाप्रमाणे चेंडू किमान १६ सेंमी उंच उडवावा लागतो आणि २००२ पासून तो हाताआड किंवा अंगाआड लपवता येत नाही, त्यामुळे दिसत नाही ही सबब मी ऐकून घेत नाही.

समोरच्याची बॅट ज्या दिशेने गेली, त्याच दिशेला चेंडू आपल्या बॅटवरून उडू पाहतो. ती खाली गेली असेल तर चेंडू जाळीत, वर गेली असेल तर हवेत, आणि आडवी गेली असेल तर त्या बाजूला. यास्तव आपल्या बॅटचे तोंड, समोरच्याची बॅट जिथून निघाली तिकडे वळवावे. कट जड असेल तर बॅट उघडी, म्हणजे तोंड वर कलते धरून, चेंडू टप्पा घेऊन वर येत असतानाच त्याच्या बुडाखालून पुढे सरकवावी. उचलण्याचा मोह झाला की चेंडू उंच जातो आणि समोरचा स्मॅश मारतो.

सरावासाठी जोडीदाराला तीसेक सर्व्हिस करायला सांगाव्यात व एकही न परतवता, चेंडू जाळी ओलांडण्याआधी ‘कट’, ‘टॉप’ किंवा ‘साइड’ असे मोठ्याने म्हणावे. हे कंटाळवाणे आहे, पण माझा दोष याच उपायाने गेला.

रॅलीत टॉपस्पिन आल्यास बॅट झाकावी, म्हणजे तोंड खाली कलते करावे, हात फिरवू नये, आणि फटक्यानंतर लगेच जागेवर यावे.

मे महिन्यात जीव नकोसा झाला तरी टेबलावरचा पंखा मात्र बंद ठेवावा, २.७ ग्रॅमचा चेंडू त्या वाऱ्यातही वळतो आणि फिरकी कोणाची, हेच कळेनासे होते.