कॅक्टसला पाणी कधी द्यायचं? उदबत्तीची काडी सांगेल

घरातला छोटा कॅक्टस तहानेने क्वचितच मरतो, जास्तीच्या पाण्यानेच मरतो. वरची माती कोरडी दिसते, पण तळाशी ओल राहते आणि मुळं कुजतात.

उदबत्ती जळून उरलेली काडी छोट्या कुंडीला पुरते. ती कुंडीच्या कडेने तळापर्यंत हळूच खोचा, मधोमध नको. दहा मिनिटांनी काढा. माती चिकटली किंवा काडी ओलसर लागली, तर पाणी नको. कोरडी निघाली, तर तळाच्या भोकातून वाहेपर्यंत द्या आणि बशीतलं पाणी लगेच ओतून टाका. रोज चमचाभर पाणी घालणं सगळ्यात वाईट.

पावसाळ्यात काडी कोरडी आली तरी आणखी चार-पाच दिवस थांबा. कुंडीला भोकच नसेल, तर आधी कुंडी बदला.