फाइलचं नाव सोडा, हॅश बघा

पणजी-फोंड्यातल्या एखाद्या पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायला घेतलं की सर्व्हरवर ‘लिब’ नावाचा फोल्डर बहुतेकदा सापडतोच. आत ‘लॉग-नवीन.जार’, ‘हेच-वापरा.जार’ अशा नावांच्या फाइली. जार म्हणजे जावा भाषेतला कोड एकत्र बांधलेली फाइल. मूळ लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) कोणती, आवृत्ती कुठली, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

अशा वेळी नावावर जाऊ नका. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली, ठरावीक लांबीची ओळखखूण. तो निघतो फाइलच्या आतल्या मजकुरावरून. नाव बदललं तरी तो तोच राहतो, आणि आत एक बाइट जरी बदलला तरी पार वेगळा येतो.

आधी फोल्डरची प्रत काढा, काम प्रतीवरच करा. विंडोजवर पॉवरशेल उघडून ‘गेट-फाइलहॅश’ ही कमांड फाइलच्या नावासकट द्या. वेगळं काही सांगितलं नाही तर ती शा-२५६ या प्रकारचा हॅश काढते: ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून ६४ चिन्हांची ओळ. जार फाइलचा ४० चिन्हांचा शा-१ हा दुसऱ्या प्रकारचा हॅश सुद्धा काढा, कारण मेवन सेंट्रल या जावा लायब्रऱ्यांच्या भांडारात त्यावरून शोध घेता येतो. जुळला की नाव आणि आवृत्ती मिळाली.

मात्र २०१७ साली दोन वेगळ्या पीडीएफचा शा-१ एकच येतो, हे संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणून त्याच आवृत्तीची मूळ फाइल उतरवून घ्या आणि दोन्हींचे शा-२५६ ताडून बघा. हा टप्पा गाळू नका.

हॅश कुठेच जुळला नाही, तर लगेच फाइलवर संशय नको. जार म्हणजे झिपच, ती उघडा. आत आणखी जार असतील तर एकेकीचा हॅश काढा. सगळं एकत्र कालवलेलं असेल, तर ‘पॉम.प्रॉपर्टीज’ फाइलीत आवृत्तीची नोंद सापडू शकते. जावास्क्रिप्टच्या फाइलीत गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) ओळींचा शेवट बदलला असेल, तरी हॅश बदलतो.

आणि जुळला म्हणजे फाइल सुरक्षित, असंही नाही. लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीच्या २.१४.१ आवृत्तीची अस्सल फाइल अचूक जुळेल, पण डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेलं सुरक्षेतलं भगदाड तिच्यातच आहे. आवृत्ती कळल्यावर तिच्यातल्या ज्ञात त्रुटी शोधाच.

शोधासाठी बाहेर फक्त हॅश पाठवा. ग्राहकाची फाइल कुठल्याही वेबसाइटवर चढवू नका. तिच्यात पासवर्डही असू शकतो.