डाळिंबाच्या जुन्या खोडाचं बोन्साय: खोडं आत्ताच काढा, पण पाण्याचा हात आवरा

आंबे बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलवायच्या बागा ताणावर आहेत (पाणी तोडलं आहे), पानं गळून खाली पडली आहेत. म्हाताऱ्या झालेल्या किंवा परवडत नाहीत म्हणून मोडायला काढलेल्या बागा याच दिवसांत जेसीबीनं उपटल्या जातात आणि बारा-पंधरा वर्षांची पीळदार खोडं बांधावर पेटतात. बोन्सायसाठी यातलं निरोगी खोड सोन्यासारखं. एवढी जाडी कुंडीत रोपापासून आणायची तर निम्मं आयुष्य जातं. डाळिंब हे मुळात पानगळीचं झाड आहे. थंड मुलखात ते हिवाळ्यात पूर्ण उघडं पडतं, आपल्याकडे पाणी तोडून त्याला तसं करावं लागतं. म्हणजे खोड काढण्यासाठी लागणारी विश्रांती शेतकऱ्यानं स्वतःच देऊन ठेवलेली असते. मुदत मात्र थोडी आहे. फांद्यांवरचे डोळे फुगायला लागले की खोडं काढणं थांबवा. कोंब हिरवा दिसल्यावर काढलेलं खोड उन्हाळा क्वचितच बघतं.

काढलेली खोडं मरतात ती बहुतेक एकाच कारणानं, आणि ते कारण दरवर्षी तेच असतं: कुंडीच्या तळाशी साचलेलं पाणी. थंडी, ऊन, कीड ही नंतरची नावं. पान नसलेल्या झाडाला रोज पाणी घातलं तर ते पिणार कोण? ते तळाशी बसतं, कापलेली मुळं त्यात कुजतात आणि वर खोड दोन महिने हिरवं दिसत राहतं. शेतात वाफसा (ओल आणि हवा दोन्ही बेताची) बघितल्याशिवाय औत न घालणारा माणूस कुंडीत मात्र वाफसा बघत नाही. त्यातच हे अवकाळीचे दिवस. उघड्यावरची ताजी लावलेली कुंडी दोन दिवसांच्या झडीत जाऊ शकते. ढग दिसले की कुंड्या आधी छपराखाली घ्या, बाकीची कामं नंतर.

खोड निवडताना:
- बुंध्याचा व्यास ६ ते १० सेंमी, खाली रुंद, वर निमुळता.
- मर रोगाच्या झाडाचं खोड नको. आडवा काप घ्या. लाकडात तपकिरी-करडे डाग किंवा चट्टे दिसले तर जाळून टाका.
- पेऱ्यांवर तेल्याच्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) काळ्या चिरा नकोत. जवळ डाळिंबाची चालू बाग असेल तर शंका असलेलं खोड घरी आणूच नका.
- सुईच्या टोकाएवढी भोकं आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे, सोडून द्या.

काढणी:
- फांद्या ३० ते ४५ सेंमीवर कापा, थोडा जास्तीचा खुंट ठेवा. शेंडा मागे वाळतोच.
- बुंध्यापासून ३० सेंमीवर गोल चर घ्या, मुळं करवतीनं कापा. जेसीबीच्या दातानं फाटलेली मुळं पुन्हा धारदार कात्रीनं साफ करा.
- तळ सपाट कापा. खाली जाणारं सोटमूळ गेलं तरी चालेल, बाजूची बारीक मुळं राखा.
- ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावा.
- वरच्या कापांवर बोर्डो पेस्ट: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. लोखंडी भांडं वापरू नका.
- प्रत्येक झाडानंतर कात्री-करवत १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा.

आता कुंडी. पहिली दोन वर्षं बोन्सायच्या उथळ ताटलीचं नावही काढू नका. दुकानात निळी चकचकीत ताटली दिसते, खोड हातात असतं, मोह होतो, आणि विकणारा दोन्ही एकत्र बसवून दाखवतो. भाजीचा प्लास्टिक क्रेट घ्या, आतून शेडनेटचं अस्तर लावा, २० ते २५ सेंमी भरा. चारी बाजूंनी हवा जाते, जाळीपर्यंत पोचलेलं मूळ वाळून मागे बारीक फाटे फोडतं आणि पाणी कुठे अडत नाही. दिसायला ओबडधोबड आहे, पण मुळं धरण्याच्या कामात महागडी कुंडी त्याच्या जवळ येत नाही.

उथळ कुंडीचा धोका बघायचा असेल तर भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवा आणि तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागते. पाणी तेच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतही निचरा संपल्यावर तळाशी एक चिंब थर राहतोच आणि त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर नाही, मातीच्या कणावर ठरते. बारीक मातीत हा थर सहज ४-५ सेंमी होतो. २५ सेंमीच्या क्रेटमध्ये तो चालून जातो. ६ सेंमीच्या ताटलीत मुळं त्याच्यातच उभी असतात. तळाला खडीचा थर घातला की निचरा होतो, हे घरोघरी सांगितलं जातं. होत नाही. चिंब थर खडीच्या वर चढून बसतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

म्हणून माती जाडी-भरडी हवी. वीटभट्टीवरच्या तुकड्या विटा फोडा. गव्हाच्या चाळणीवर जे उरतं ते घ्या, खाली पडलेली भुकटी टाकून द्या. हरभऱ्यापेक्षा मोठा तुकडा नको. असा वीटचुरा ६ भाग, तसाच चाळलेला मुरूम २ भाग, दोन वर्षं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत २ भाग. शेणखताच्या दर किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) आठवडाभर आधी मिसळून सावलीत ओलसर ठेवा. काळी माती मूठभरसुद्धा नको. ती फुगते, चिकटते आणि सगळ्या फटी बुजवते. जपानहून येणाऱ्या अकादामा किंवा कानुमा या दाणेदार मातींच्या पिशव्या दुकानदार पुढे करतील. माल चांगला आहे, पण आपल्या डाळिंबाला त्याची गरज नाही. मूळ वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या बाटल्यांचंही तेच. कापलेलं मूळ हवेवर फुटतं, बाटलीवर नाही.

भरल्यावर वरून अर्धा लिटर पाणी एकदम ओता. मनात दहा मोजेपर्यंत पृष्ठभागावरचं पाणी दिसेनासं झालं पाहिजे आणि खाली धार लागली पाहिजे. वीस मोजूनही डबकं दिसत असेल तर मिश्रण उपसा, पुन्हा चाळा. मग खोड तारेनं किंवा सुतळीनं क्रेटला घट्ट बांधा. वरून हलवून बघा. खोड हललं तर नवी मुळं रोज तुटतात आणि लोक दोष खताला देतात.

पाणी कधी द्यायचं? उदबत्तीची जळून उरलेली काडी ५ सेंमी खोल खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. गडद आणि गार लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी निघाली तर तळातून वाहेपर्यंत द्या. थंडीत पान नसलेल्या खोडाला हे चार-सहा दिवसांतून एकदाच लागतं. रोज सकाळी खोडावर नुसता फवारा मारला तर चालतो, माती भिजवू नका.

तीन ते सहा आठवड्यांत कोंब फुटतील. इथेच फसगत होते. हे कोंब खोडातल्या जुन्या साठ्यावर फुटलेले असतात, खाली मूळ सुटल्याचा तो पुरावा नव्हे. आनंदाच्या भरात पाणी वाढवलं, युरिया टाकला, की सातव्या-आठव्या आठवड्यात कोंब माना टाकतात. पानं गडद होऊन कोंबाचा खालचा भाग तपकिरी होईपर्यंत खत नाही.

पहिल्या दोन वर्षांची नेहमीची कामं:
- कोंब वाढू द्या, पावसाळ्यानंतर नको ते कापा.
- तार (१.५ ते २.५ मिमी अॅल्युमिनियम) हिरव्या कोंबांनाच. जुनी फांदी कडकन मोडते. दर १५ दिवसांनी तार रुतली का बघा.
- फुलं आणि फळं खुडा.
- पिठ्या ढेकणाला ५ टक्के निंबोळी अर्क.
- मुळांची छाटणी ज्या वर्षी, त्या वर्षी पानं लहान करण्यासाठी ती काढायची नाहीत.

तिसऱ्या वर्षी, पुन्हा याच पानगळीत, उथळ कुंडी. ढोबळ माप असं: लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश, खोली बुंध्याच्या व्यासाएवढी. ४५ सेंमी झाडाला ३० सेंमी लांब कुंडी. खोलीचा नियम जपानच्या हवेचा आहे. सोलापूर-खानदेशच्या एप्रिलात ७ सेंमीची ताटली दुपारी तव्यासारखी तापते, म्हणून बुंधा ७ सेंमी असेल तर कुंडी १० सेंमी खोल घ्या. पानगळीच्या झाडाला चकाकीची, गोल कडेची कुंडी शोभते. डाळिंबाच्या शेंदरी फुलाला निळसर हिरवी किंवा हस्तिदंती रंगाची घ्या. लाल कुंडीत फूल दिसतच नाही.

रंगाआधी भोक बघा. दुकानातच कुंडी सपाट ठेवा आणि रिकाम्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. चांगल्या कुंडीत तळ ओला राहतो, बस. पुष्कळ कुंड्यांत भोकाभोवती चकाकीचा फुगीर कडा राहिलेला असतो आणि बोटाच्या पेराइतकं पाणी तसंच डुलत राहतं. ती कितीही सुंदर असली तरी परत ठेवा. ३० सेंमी कुंडीला २ सेंमीची निदान दोन भोकं, बांधायच्या तारेची लहान भोकं वेगळी, पाय किमान १ सेंमी उंच, आतली बाजू चकाकीविना. सिमेंटची घेतली तर दोन आठवडे पाणी बदलत भिजवून चुना काढा.

फळाचा हट्ट असेल तर एवढं समजून घ्या: उथळ कुंडीत पान लहान होतं, फळ लहान होत नाही. 'भगवा' जातीचं एक फळ फांदी वाकवून टाकतं. लहान फळं हवी असतील तर 'नाना' ही बुटकी जात वेगळी लावा.

मृग लागला की प्रत्येक कुंडीच्या एका बाजूखाली अर्धी वीट सरकवा. तिरप्या कुंडीत चिंब थर एका कोपऱ्यात गोळा होऊन भोकातून निघतो. भोक खालच्या बाजूला येतंय ना, बघा. कुंडी फरशीवर टेकवू नका. दर आठ दिवसांनी खालून काडी घालून भोक मोकळं करा. मुळं, गोगलगायी, शेवाळ सगळं तिथेच अडतं.

जुलैत माती ओली असतानाच पानं मलूल किंवा पिवळी झाली तर ती तहान नव्हे. इथे पाणी घातलं की झाड गेलं. त्याच दिवशी कुंडी उपडी करा, मुळांचा वास घ्या. आंबूस वास आणि बोटांनी ओढताच साल निघून आत दोरा राहत असेल तर पांढऱ्या भागापर्यंत कापा. नेहमीच्या शिफारशीप्रमाणे कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटरच्या द्रावणात मुळं बुडवून काढा, निव्वळ वीटचुऱ्यात लावा, निम्मी पानं उतरवा, पावसाबाहेर सावलीत ठेवा. ट्रायकोडर्मा त्यानंतर १५ दिवसांनी, ५ ग्रॅम प्रति लिटर. दोन्ही एकत्र दिली तर ताम्र औषध मित्रबुरशीला मारतं.