धबधब्याजवळ कॅम्पिंग: फिंगर लेक्सला जाताना या चुका टाळा

न्यू जर्सीहून साधारण चार तासांत गाठता येईल आणि धबधबा व पोहणं दोन्ही मिळेल असा भाग म्हणजे न्यू यॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सची स्टेट पार्कं. इथे फसगत होते ती बहुधा घरी बसून बुकिंग करतानाच. पार्कच्या पानावर धबधब्याचा फोटो असतो, खाली पोहण्याची सोय असल्याची खूण असते, आणि धबधब्याखालीच डुंबायला मिळणार असं आपण धरून चालतो.

धबधबा एकीकडे, पोहणं दुसरीकडे

वॉटकिन्स ग्लेन पार्कच्या घळीत दोन मैलांच्या आत १९ धबधबे आहेत. चढायला ८०० हून जास्त पायऱ्या आहेत, पण त्या पाण्यात उतरता येत नाही. पोहायला वर बांधलेला मोठा जलतरण तलाव आहे. टगॅनॉक पार्कचा धबधबा २१५ फुटांचा, म्हणजे नायगाऱ्याहून ३३ फूट उंच. पण त्याच्या डोहात उतरायला बंदी आहे, पोहायचं ते केयुगा तळ्याच्या किनाऱ्यावर. खरोखर धबधब्याच्या पायथ्याशी पोहायचं असेल तर इथाकाजवळचं बटरमिल्क फॉल्स किंवा रॉबर्ट एच. ट्रीमन पार्क निवडा. ट्रीमनच्या डोहात डायव्हिंग बोर्डसुद्धा आहे.

ट्रीमनला आणखी एक गोंधळ होतो. पार्कला वरचं आणि खालचं अशी दोन प्रवेशद्वारं आहेत. पोहण्याचा डोह आणि तंबूच्या जागा खाली. ११५ फुटांचा ल्युसिफर फॉल्स मात्र वरच्या दाराजवळ. मधली घळीची वाट एका बाजूने दोन मैलांहून थोडी जास्त आहे. पोहून झाल्यावर ओल्या कपड्यांत, स्लिपर घालून ‘जरा धबधबा बघून येऊ’ म्हणत निघालेली मंडळी अर्ध्या वाटेवर थकून बसतात. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर गाडीने वरच्या दाराशी जा आणि तिथून उतरा.

डोह बंद का असतो?

पोहण्याचा हंगाम साधारण जूनअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे एवढाच. त्यातही जीवरक्षक हजर असतील तेव्हाच पाण्यात उतरता येतं. आदल्या रात्री वादळी पाऊस झाला असेल, तर सकाळी लख्ख ऊन असूनही दोर बांधलेला दिसतो. कारण गढूळ पाणी: बुडालेला माणूस वरून दिसत नसेल तर जीवरक्षक असून उपयोग काय? अशा वेळी तिथे वाट बघत बसू नका. फोन करून टगॅनॉकचा किनारा किंवा वॉटकिन्स ग्लेनचा जलतरण तलाव चालू आहे का ते विचारा. दोन रात्री राहणार असाल तर पोहणं पहिल्या कोरड्या दिवशीच उरकून घ्या, शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाण्यात बसायची सवय असलेल्यांना घळीतली बंदी जाचक वाटते. पण तिथला खडक शेल जातीचा, पापुद्र्यापापुद्र्यांचा. पाणी फटीत गोठून वितळलं की कपचे सुटतात. हिवाळ्यात घळीच्या वाटा बंद ठेवतात त्याचं हे मोठं कारण. ओल्या शेलवर शेवाळ असलं की चांगल्या बुटांचीही पकड सुटते. शिवाय कोसळत्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने त्यात माणूस नीट तरंगत नाही. मुलांसाठी फुगवलेल्या ट्यूबवर विसंबू नका, कोस्ट गार्डची मान्यता असलेलं लाइफ जॅकेट घ्या.

बुकिंग आणि माणसं

न्यू यॉर्कमध्ये जागा नऊ महिने आधी खुल्या होतात. ४ जुलैच्या सुट्टीसाठी ३ तारखेला पोचायचं असेल तर आदल्या वर्षीच्या ३ ऑक्टोबरला संगणकासमोर बसावं लागतं. उशीर झाला असेल तर रद्द झालेल्या जागांवर नजर ठेवा, किंवा सोमवार ते गुरुवार बघा. एका साइटवर, म्हणजे तंबूच्या एका जागेत, सहाच माणसं चालतात. आठ जणांचा तंबू आहे म्हणून आठ जण राहू शकत नाहीत. तीन कुटुंबं असतील तर शेजारशेजारच्या साइट एकाच बैठकीत घ्या.

लाकडं घरून नेऊ नका

गॅरेजमधली लाकडं डिकीत टाकून न्यू जर्सीतून निघालात, तर राज्याच्या हद्दीवरच नियम मोडला. उष्णताप्रक्रिया न केलेलं जळण बाहेरून न्यू यॉर्कमध्ये आणायला मनाई आहे आणि राज्यातल्या राज्यातही ते ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. अ‍ॅश झाडं पोखरणारे किडे अशा लाकडातूनच पसरतात. पार्कजवळ विकत मिळतात ती लाकडं घ्या.

रात्रीच्या तक्रारी

तंबूखालच्या ताडपत्रीची कड बाहेर डोकावत असेल तर पावसाचं पाणी तिच्यावर पडून थेट तंबूखाली शिरतं आणि सगळे म्हणतात, तंबू गळतो. कड सगळीकडून दोन-तीन इंच आत दुमडा. एअर मॅट्रेस पहाटे मऊ पडली तर आधी पंक्चर शोधू नका. थंडीत आतली हवा आकसते, इतकंच. जुलैतही पहाटे पारा साठीच्या खाली, ५५-५७ फॅरनहाइटपर्यंत येतो. मॅट्रेसमधली हवा खालून गारवा देते, म्हणून अंगावर दुसरं पांघरूण घेण्याऐवजी ते मॅट्रेसवर, पाठीखाली अंथरा.

स्वयंपाकाची चूक मात्र जिवावर बेतू शकते. चपट्या, आडवी कॅन बसणाऱ्या ब्यूटेन शेगडीवर मोठा तवा किंवा रुंद पातेलं ठेवलं की त्याची कड कॅनच्या कप्प्यावर येते, उष्णता खाली परतते आणि कॅन फुटू शकते. भांडं बर्नरच्या जाळीबाहेर फारसं जाता कामा नये. कुकर किंवा कढई नेणार असाल तर प्रोपेनची दोन बर्नरची शेगडीच घ्या. सप्टेंबरअखेरीच्या सकाळी ब्यूटेनची ज्योत मिणमिणली तर कॅन संपलेली नसते. ब्यूटेन शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं आणि शेगडी चालू असताना वायू होता होता ते स्वतःलाही गार करत जातं. पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत घेऊ नका: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खाणं, तेलकट कागद आणि कचरा गाडीत बंद करा. रॅकूनला कूलरचं झाकण सहज उघडता येतं. भातवरणाची भांडी पिण्याच्या नळाखाली घासू नका. शितं तिथेच राहतात आणि रात्री रॅकून तिथेच जमतात. टबमध्ये धुऊन ते पाणी ठरवून दिलेल्या जागी ओता.

झोपण्याआधी मुलांच्या काखा, गुडघ्यांमागचा भाग, कानांमागे आणि केसांत गोचीड आहे का ते बघा. दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल किंवा काडेपेटी लावू नका. पुढच्या महिन्याभरात लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला, तर गोचीड चावल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.