'नमस्कार'मधला 'क' कुठे गेला?

लाइव्ह चॅट वाचणारी स्क्रिप्ट लिहायला बसलं की पहिल्या संध्याकाळी वाटतं, एवढंच होय! मलाही वाटलं. ट्विच या लाइव्ह स्ट्रीमिंगच्या साइटचं चॅट आयआरसीच्या भाषेत बोलतं आणि आयआरसी म्हणजे 1988 सालापासून चालत आलेला, चॅटच्या ओळी पाठवण्याचा साध्या मजकुराचा मामला. सॉकेट (सर्व्हरशी जोडणी) उघडायचं, टोकनची (पासवर्डसारख्या गुप्त किल्लीची) ओळ पाठवायची, टोपणनावाची ओळ, मग चॅनेलमध्ये शिरण्याची ओळ. चाळीस-पन्नास ओळींत माझा बॉट, म्हणजे आपोआप चालणारी ती स्क्रिप्ट, चॅट वाचायला लागला आणि मी तो चार जणांना दाखवूनही आले.

तिसऱ्या आठवड्यात तो मरायला लागला. रोज नाही. चॅटमध्ये दहा-बारा माणसं असली की ठणठणीत, गर्दी वाढली की गप्प. टर्मिनलवर एरर नाही, काही नाही. लॉग उघडला तर एका ओळीवर 'नमस्' आणि खालच्या ओळीवर नुसतं 'ार'. मधला 'क' गायब.

एरर का नव्हती, हे आधी कबूल करते. ती मीच बंद केली होती. सुरुवातीला एकदा डीकोडिंगची, म्हणजे आलेल्या बाइट्सची अक्षरं करण्याची, एरर आली होती. कुठल्याशा उत्तरात वाचलं की 'इग्नोर' हा पर्याय दिला की ती जाते. दिला. गेली. या एका शब्दाने माझे तीन शनिवार-रविवार खाल्ले. कुणी तुम्हाला एरर 'घालवण्याचा' उपाय सांगत असेल, तर ती आली कशामुळे हे त्याला आधी विचारा. सांगता आलं नाही तर त्याचा उपाय त्याच्यापाशीच राहू द्या.

आता खरी गोष्ट. ती मी जरा जास्तच समजावणार आहे, कारण मला कुणी समजावली नव्हती. सॉकेटखाली डेटा वाहून नेणारा नियमसंच म्हणजे टीसीपी, आणि त्याला 'मेसेज' ही गोष्ट माहीतच नसते. त्याच्या लेखी फक्त बाइट्सची धार असते. तुम्ही सॉकेटकडून 2048 बाइट्स मागता तेव्हा त्याचा अर्थ 'जास्तीत जास्त 2048' एवढाच. चॅट शांत असेल तेव्हा एका वाचनात नेमकी एक ओळ येते, आणि आपण समजतो की हा नियमच आहे. तो नियम नाही, योगायोग आहे. गर्दी झाली, तुमची स्क्रिप्ट आधीच्या मेसेजवर काम करत राहिली, की मागे ढीग साचतो. पुढच्या वाचनात त्या ढिगातून साडेसहा ओळी हातात येतात. ती अर्धी ओळ कुठे तुटेल याला काही धरबंध नाही.

इंग्रजी चॅटमध्ये शब्द तुटतो. आपल्या लिपीत अक्षर तुटतं. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं. 'नमस्कार' दिसायला चार-पाच अक्षरं. पण न, म, स, हलंत, क, काना, र अशी सात चिन्हं, म्हणजे एकवीस बाइट्स. 'क'चे दोन बाइट्स एका वाचनात आणि तिसरा पुढच्या वाचनात आला, की दोन्ही तुकडे डीकोडरच्या दृष्टीने कचरा. 'इग्नोर'ने तो कचरा इमानेइतबारे फेकून दिला. म्हणून 'क' गेला.

आणि बॉट का मरत होता? सर्व्हर साधारण पाच मिनिटांनी एकदा 'पिंग' पाठवतो. आपण 'पॉन्ग' म्हणायचं, नाहीतर तो जोडणी तोडतो. माझ्याकडे गर्दीत तो इंग्रजी अक्षरांतला पिंग 'PI' आणि 'NG' अशा दोन तुकड्यांत यायचा. मी अख्खा शब्द शोधत होते. सापडायचा नाही, उत्तर जायचं नाही.

उपाय दहा ओळींचा आहे. आलेले बाइट्स डीकोड न करता एका साठ्यात जोडत जा. आयआरसीची प्रत्येक ओळ कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड या जोडीने संपते, म्हणजे 13 आणि 10 हे बाइट्स. साठ्यात ती जोडी सापडेल तोवरचा भाग कापून घ्या, तो डीकोड करा, आणि उरलेलं शेपूट साठ्यातच राहू द्या. पुढच्या वाचनात त्याचं डोकं सापडेल. बाइट्सच्या पातळीवर कापणं सुरक्षित आहे का, अशी शंका मला आली होती. आहे. देवनागरी चिन्हाचे तिन्ही बाइट्स 128 किंवा त्याहून मोठे असतात, त्यामुळे 13 किंवा 10 अक्षराच्या पोटात सापडूच शकत नाही.

हे जमलं की नाही ते तपासायला गर्दीची वाट पाहू नका. 2048 च्या जागी 7 लिहा. सात-सात बाइट्स वाचूनही चॅट नीट दिसलं तर तुमचा साठा बरोबर आहे. हे मला पहिल्या दिवशी सुचलं असतं तर!

वेबसॉकेट, म्हणजे मजकूर अख्ख्या पाकिटांत देणारी जोडणी, वापरलंत तर अक्षर तुटण्याचं दुखणं टळतं, पण एका पाकिटात (फ्रेममध्ये) अनेक ओळी येऊ शकतात. कापायचं काम तिथेही आहेच.

'हे सगळं कशाला, तयार लायब्ररी घे ना,' असं सांगणारे भेटतील. मलाही एक ज्येष्ठ सहकारी हेच सांगत होते आणि तसं त्यांचं चुकीचं नव्हतं. ट्विच स्वतःच आता नव्या बॉटसाठी आयआरसीऐवजी इव्हेंटसब ही घडामोडी कळवणारी स्वतःची सेवा सुचवतं. पण एकदा, एकदाच, उघड्या सॉकेटवर लिहून बघा, असं माझं हट्टी मत आहे. घाबरू नका, यात हुशारी लागत नाही, चिकाटी लागते.

पाठवण्याबद्दल थोडक्यात. ट्विचवर साध्या खात्याला 30 सेकंदांत 20 मेसेज, चॅनेलचे मॉडरेटर असाल तर 100. एक मेसेज 500 अक्षरांपर्यंत. प्रत्येक येणाऱ्याचं स्वागत करायचा मोह आवरा. मेसेज थेट पाठवू नका, रांगेत टाका आणि दोन सेकंदांनी एक सोडा. टोकन कोडमध्ये लिहू नका. आपण स्क्रीन दाखवत बसणारी माणसं आहोत, हे विसरू नका. आणि गणित सोडवणारी कमांड बनवताना चॅटमधला मजकूर 'इव्हॅल'ला (मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला) देणार असाल, तर तुमचं मशीन अनोळखी माणसाच्या हातात दिलं असं समजा. इथे 'पण' वगैरे काही नाही.

यूट्यूबवर वेगळी तऱ्हा. तिथल्या साध्या पद्धतीत तुम्हीच पुन्हा पुन्हा जाऊन विचारायचं, आणि किती वेळाने विचारायचं ते मिलिसेकंदांत उत्तरातच येतं. ते पाळा. प्रत्येक विचारण्याला काही युनिट्स खर्च होतात, रोजचा कोटा मुळात 10,000 युनिट्सचा असतो, आणि लिहिणं हे वाचण्यापेक्षा बरंच महाग पडतं. मी दर सेकंदाला विचारत होते. स्ट्रीम रंगात यायच्या आत कोटा संपला.

आणखी एक. ट्विचच्या आयआरसीवर आपण पाठवलेला मेसेज त्याच जोडणीवर आपल्याला परत येत नाही. यूट्यूबच्या यादीत तो येतो. माझा बॉट 'धन्यवाद' दिसलं की 'तुम्हालाही धन्यवाद' म्हणायचा. एका बिचाऱ्या प्रेक्षकाने एकदा आभार मानले आणि बॉट स्वतःचेच आभार मानत सुटला. मी प्रोसेस बंद करेपर्यंत तो प्रेक्षक लिहून गेला होता, 'बास, पोचलं.' आता प्रत्येक मेसेज पाठवणाऱ्याच्या चॅनेलचा आयडी स्वतःच्या आयडीशी ताडून बघते, आणि मगच तोंड उघडते.