अचानक कानाला दडे बसले, चक्कर आली? या चुका टाळा

सोलापुरात कानांची तपासणी करताना रोज हेच दिसतं: पेशंट समोर बसतो, पिशवीत औषधं भरपूर, पण तपासणीचा एक कागद नाही. आधी ड्रॉप्स, मग गोळ्या, मग गरम तेल आणि सगळं करून झाल्यावर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. या उलट्या क्रमापायी वाचू शकणारे कान जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अचानक गेलेला कान 'मळ असेल' म्हणून सोडून देणं. सकाळी उठलं की एका कानाने ऐकू येत नाही, आत शिट्टी वाजत राहते, दडे बसल्यासारखं वाटतं. मळाने असं होतं, सर्दीनेही होतं. पण आतल्या कानाला किंवा नसेला इजा झाली तरी हुबेहूब असंच वाटतं, आणि तेव्हा एकेक दिवस मोलाचा असतो. कानाच्या डॉक्टरांनी पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड सुरू केलं तर ऐकू परत येण्याची आशा जास्त असते. तेही जितकं लवकर, तितकं बरं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणारे एक मामा आले होते. उजवा कान एका सकाळी गेला. मेडिकलमधून मळ मऊ करायचे ड्रॉप्स आणले, त्यात आठवडा गेला. मग गड्ड्याच्या जत्रेत कुणाकडून तरी कान कोरून घेतला. मग घरचं लग्न आलं. माझ्याकडे आले तेव्हा दीड महिना उलटला होता. कानात पाहिलं तर मळाचा कण नाही, पडदा स्वच्छ, चकचकीत. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या आलेखात, उजव्या कानाची रेघ ८० डेसिबलच्या खाली; रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. डाव्या कानात ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, खड्डा, तो मागाच्या आवाजाने वर्षानुवर्षं पडलेला. डॉक्टरांनी पडद्यातून इंजेक्शनं देऊन पाहिली, पण फरक पडला नाही. मामा म्हणाले, "दुखत नव्हतं हो मॅडम, म्हणून थांबलो." नस जाते तेव्हा बहुतेक वेळा दुखत नाही, हे लोकांना कुणी सांगतच नाही.

मी फोनवर सगळ्यांना एक गोष्ट करून बघायला सांगते. तोंड मिटून 'हूं' असा लांब आवाज काढा. तो बंद कानात मोठा वाटला तर मळ किंवा पाणी असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात मोठा वाटला तर नसेचा संशय धरा आणि त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. हा नुसता अंदाज आहे. उत्तर काहीही आलं तरी तपासणी टाळू नका.

चक्कर म्हटलं की आपल्याकडे तीनच कारणं: बीपी, अशक्तपणा आणि मानेचा मणका. पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला की झीज बहुतेकांना दिसतेच. मग गळ्यात पट्टा आणि महिनोन्‌महिने गोळ्या. मी आधी विचारते, चक्कर येते कधी? कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की घर गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं असेल तर बहुतेक दोष कानाचा. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की मेंदूला डोकं फिरत असल्याचा खोटा निरोप जातो. तपासताना मी पेशंटची मान ४५ अंश वळवून त्याला पटकन आडवं करते आणि फक्त डोळे बघते. दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग बुबुळं झटके देत फिरू लागतात आणि हळूहळू थांबतात. ते दिसलं की कोणत्या कानाची कोणती नळी, हे कळतं. मग एप्ले पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर आणायचे. बऱ्याच जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो.

बीटाहिस्टिन ही चकरेची गोळी खाऊन ते कण परत जागेवर जात नाहीत. स्टेमेटिल तर फार तर दोन-चार दिवसांची गोळी. महिनोन्‌महिने घेतली की मेंदूची तोल सावरण्याची शिकवण लांबते, आणि वयस्कर माणसांच्या हाताला कंप सुटू शकतो. तेच व्हिडिओ बघून घरी डोकं फिरवणाऱ्यांचं. कान कोणता हे ठाऊक नसताना डावीकडचं उजवीकडे करतात आणि वर मानही दुखावून घेतात. एक दिवस थांबून नीट दाखवायला काय हरकत आहे?

चकरेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर माझ्याकडेही येऊ नका. सरळ इमर्जन्सीत जा, तो पक्षाघात असू शकतो.

कानाचं मशीन घेऊन आठवड्यात कपाटात ठेवणारेही खूप. मेंदूने कित्येक वर्षं भांड्यांचा, पंख्याचा आवाज ऐकलेला नसतो, तो आधी बोचणारच. पहिले काही दिवस घरात, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोला. मग स्वयंपाकघर, नवी पेठेतली गर्दी सगळ्यात शेवटी. आणि सेटिंगला परत या, पहिल्या दिवशीचं सेटिंग शेवटचं नसतं. ऑडिओग्राम न काढता ऑनलाइन मागवलेलं स्वस्त यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवतं, त्याने उरलेल्या कानालाही धोका. बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच ती बसवा.

मागाच्या आवाजापासून वाचायला कानात कापूस कोंबून काही होत नाही. फोमचा प्लग पिळून बारीक करा, कान वर-मागे ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत बोटाने धरा.

तेल कानात नको. काडी, हेअरपिन, किल्लीही नको.

बाळाच्या बाबतीत मात्र माझा जीव तुटतो. "थाळी वाजवली की बघतो," म्हणून दोन-दोन वर्षं निघून जातात. थाळीचा आवाज इतका मोठा असतो की अर्धवट ऐकू येणारं मूलही वळतं. पहिल्या महिन्यात ओएई ही आतल्या कानाची तपासणी, शंका आली तर तीन महिन्यांच्या आत बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का याची तपासणी, आणि मशीन लागणार असेल तर सहा महिन्यांच्या आत. "त्याचे वडीलही उशिराच बोलले," असं आजी म्हणाल्या तरी बाळाला घेऊन या.